टरफलं आणि तेरा शर्यती

सोलापूरच्या मुलीने अमेरिकेत जाऊन काय केलं? तर शेंगा विकल्या. हे माझ्या आईचं वाक्य, आणि ते खोटं नाही. इंडियाना राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी २०१३ पासून जाहिरातीचं काम बघते. माल म्हणजे खारे दाणे, मसाला दाणे आणि त्यांची भावंडं. वर्षाच्या खर्चातला मोठा घास एकाच दिवसाभोवती जातो: मेमोरियल डेच्या आदल्या दिवशीचा रविवार, इंडियानापोलिस ५००. अडीच मैलांचा ट्रॅक, २०० फेऱ्या, ३३ गाड्या आणि बघायला तीन लाखांच्या आसपास माणसं. मी तेरा शर्यती काढल्या, पण मे बाराच. २०२० ची शर्यत ऑगस्टमध्ये, रिकाम्या स्टँडसमोर झाली.

इथे येण्याआधी पुण्यात मी दोन वर्षं गणपती मंडळांच्या कमानींवर जाहिराती लावून द्यायचं काम करायचे. ते शिक्षण इथे इतकं उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

१. आधी तिथलं सोवळं-ओवळं समजून घ्या

पहिल्याच वर्षी मी नमुने घेऊन एका छोट्या संघाच्या वर्कशॉपमध्ये गेले. आमचं पॅकेट तेव्हा गर्द हिरवं होतं, त्यावर शेंगेचं ठसठशीत चित्र, आणि आतही शेंगाच, टरफलांसकट भाजलेल्या. टेबलावर सहा पॅकेटं ओळीने मांडली. कोपऱ्यात गिअरबॉक्स उघडून बसलेला सत्तरीचा एक मेकॅनिक उठला, फडक्याला हात पुसत जवळ आला, आणि एक शब्द न बोलता ते फडकं माझ्या पॅकेटांवर पसरून मोकळा झाला. मेलेला उंदीर झाकावा तसं.

मग मला बाहेर नेऊन म्हणाला, "बाई, एका पिशवीत दोन अपशकुन घेऊन आलीस तू."

अमेरिकेतल्या जुन्या शर्यतवाल्यांत शेंगांची टरफलं पिटमध्ये चालत नाहीत. का, याच्या चार गोष्टी ऐकल्या, चारही वेगळ्या. हिरव्या रंगाची गोष्ट मात्र सगळे एकच सांगतात. ज्याच्या नावाची शेव्हरले गाडी आहे त्या लुईचा धाकटा भाऊ गॅस्टन शेव्हरले १९२० मध्ये इथे जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सच्या लाकडी ट्रॅकवर अपघातात गेला. गाडी हिरवी होती, असं सांगतात. १९६५ मध्ये जिम क्लार्क हिरव्या लोटसमध्ये बसून जिंकला तरी काहींच्या मनातून तो रंग उतरला नाही. १३ हा आकडा तर कित्येक दशकं इथे गाडीला देतच नसत.

आमच्या कंपनीच्या मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. अंधश्रद्धा आहे हे मलाही कळतं. पण ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर भिंतीला खेटून जाणाऱ्या माणसाशी त्यावर वाद घालायची माझी छाती नाही. पुढच्या मेपर्यंत आम्ही त्या हंगामापुरते सोललेले दाणे आणि पिवळं पॅकेट आणलं. लोकमान्यांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी टरफलं उचलली नाहीत. मी विकत होते. मला उचलावी लागली.

२. गाडीवरची जागा वीतभर मिळते, नजर क्षणभर

अख्खी गाडी आपल्या रंगात रंगवायची तर लाखो डॉलर लागतात. आमच्यासारख्यांना मिळतो तो एक चतकोर, बाजूच्या पत्र्यावर खालच्या अंगाला. पहिल्या वर्षी तो चतकोर घेऊन मी इतकी खूश होते की इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना शर्यतीला बोलावलं. गाडी समोरून गेली. "कुठे आहे गं तुमचं नाव?" असं एका काकूंनी विचारेपर्यंत ती दुसऱ्या वळणाला पोचली होती. २०२४ मध्ये पात्रता फेऱ्यांत स्कॉट मॅक्लॉफ्लिनने पहिली जागा पटकावली ती सरासरी ताशी २३४ मैलांनी, म्हणजे अडीच मैलांची फेरी चाळिशीच्या आत, जेमतेम ३८ सेकंदांत. तेवढ्या वेगात स्टँडमधल्या माणसाला रंग कळतो, अक्षर नाही.

अक्षर दिसतं ते गाडी उभी असताना किंवा ड्रायव्हर बोलत असताना. त्याची टोपी, बाही, मागे ठेवलेली पाण्याची बाटली, पिटमधल्या पोरांची हेल्मेटं. तिसऱ्या वर्षी आम्ही पत्र्यावरचा चतकोर सोडला आणि टोपीची कड घेतली. सराव संपला की ड्रायव्हर दहा मिनिटं बोलतो आणि कॅमेरा त्याच्या कपाळावर असतो. पुण्यातला माझा जुना साहेब सांगायचा, कमानीच्या माथ्यावरचा बोर्ड मंडळाच्या अध्यक्षाला दिसतो, खांबावरचा रांगेतल्या माणसाला. टोपी म्हणजे खांब.

३. जिंकणाऱ्याच्या मागे धावू नका

३३ गाड्यांतली एक जिंकते, हा हिशेब सोपा आहे. तरी दर वर्षी कुणीतरी नवा जाहिरातदार येतो आणि सगळे पैसे "जिंकणाऱ्या" गाडीवर ओततो.

मला विचाराल तर या ट्रॅकवर सगळ्यात हुशारीने माल विकणारा माणूस अँडी ग्रॅनाटेली. इंजिन तेलात घालायचं एसटीपी नावाचं मिश्रण तो विकायचा. १९६७ मध्ये त्याने विमानाला लावतात तसलं टर्बाइन इंजिन लावलेली गाडी आणली. डोळ्यांत घुसेल असा चकाकणारा लाल रंग, ४० नंबर, चालवायला पार्नेली जोन्स. बाकीच्या गाड्या गरजायच्या, ही नुसती सुस्कारा टाकत जायची. जोन्स १७१ फेऱ्यांत पुढे होता. शेवटच्या तीन-चार फेऱ्या राहिल्या आणि सहा डॉलरचं बेअरिंग गेलं. जिंकला ए. जे. फॉइट.

पुढच्या वर्षी ग्रॅनाटेलीने नव्या टर्बाइन गाड्या आणल्या. शेवटच्या दहा फेऱ्यांच्या आत पुढे असलेल्या जो लेनर्डचं इंजिन विझलं. आता हे दोन पराभव बघा. आज मे महिन्यात इथल्या कुठल्याही गॅरेजात उभे राहा आणि १९६७ विषयी विचारा. सहा डॉलरच्या बेअरिंगची गोष्ट न विचारता बाहेर येते, आणि तिच्याबरोबर एसटीपीचं नाव. ते लंबगोल स्टिकर पोरांच्या सायकलींपर्यंत पोचलं होतं. १९६९ मध्ये मारियो अँड्रेटीने अखेर ग्रॅनाटेलीला जिंकून दिलं, तेव्हा त्याने ड्रायव्हरच्या गालाचा मुका घेतला. तो फोटोही गाजला. म्हणजे हरूनही विकलं, जिंकूनही विकलं. कारण त्याच्याकडे सांगण्याजोगं काहीतरी होतं: आवाज न करणारी लाल गाडी.

आम्ही मग मागच्या रांगेतून सुरू करणारा एक नवखा पकडला. त्याच्याकडे मोठा प्रायोजक नव्हता, पण आजी होती. दर सरावाला ती घडीची खुर्ची घेऊन यायची आणि नातवाची प्रत्येक फेरी वहीत पेन्सिलीने लिहायची. आमच्या त्या वर्षीच्या जाहिरातीत गाडी नव्हतीच. वही होती, पेन्सिल होती आणि वाटीभर दाणे. नातू कितवा आला ते मला आता आठवत नाही. आजीबद्दल लोक अजून विचारतात.

४. विसर्जनाच्या दिवशी बोर्ड कुणी वाचत नाही

पुण्यात शिकलेला हा धडा जसाच्या तसा इथे लागू पडतो. शर्यत एका दिवसाची असली तरी गावाच्या तोंडी शब्द असतो "मे महिना". महिन्याच्या सुरुवातीला आतल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर एक छोटी शर्यत, मग आठवडाभर सराव, मग पात्रता फेऱ्या. शेवटच्या शुक्रवारी कार्ब डे. कार्ब्युरेटर कधीच इतिहासजमा झाले, नाव तेवढं उरलं. शनिवारी गावात मोठी मिरवणूक. रविवारी माणसाला श्वास घ्यायला जागा नसते, तुमचं पॅकेट बघायला कुठून येणार?

सरावाच्या मंगळवारी मात्र तिकीट स्वस्त, स्टँड बराचसा रिकामा. निवृत्त माणसं, शाळा बुडवून आलेली पोरं, जेवणाचा डबा घेऊन आलेले कारखान्यातले लोक. गाड्या मध्येच थांबतात आणि तासभर काहीच होत नाही. तो तास सोन्याचा. आमच्या विक्रीच्या पोरी तेव्हा फक्त एक काम करतात: शेजारी बसतात आणि विचारतात, "तुम्ही पहिल्यांदा कधी आलात?" उत्तर संपेपर्यंत निम्मं पॅकेट संपलेलं असतं. बहुतेकांना पहिल्यांदा वडिलांनी आणलेलं असतं.

५. नाव छापण्याआधी वकिलाला फोन करा

हा मुद्दा छोटा आहे, पण महागात पडला. दुसऱ्या वर्षी मी उत्साहाने पॅकेटांवर शर्यतीचं पूर्ण नाव छापून घेतलं. नाव, चिन्ह, सगळं नोंदणीकृत; परवान्याशिवाय वापरता येत नाही. आमच्याच वकीलबाईंनी आदल्या आठवड्यात ते पाहिलं आणि गोदामातून एकही पॅकेट हलू दिलं नाही. तीन संध्याकाळी आम्ही सगळे, मालकांसकट, पिवळ्या पट्ट्या चिकटवत बसलो. तेव्हापासून आम्ही फक्त "मे" लिहितो. या गावात तेवढं पुरतं.

६. दूध

याबद्दल मी तासभर बोलू शकते.

इथे जिंकणारा ड्रायव्हर शॅम्पेन उडवत नाही, दूध पितो. १९३६ मध्ये लुई मायर तिसऱ्यांदा जिंकला आणि गाडीतून उतरून बाटलीने ताक प्यायला. उन्हाच्या दिवशी ताक पी, असं त्याला आईने सांगितलेलं. इथलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा दाट असतं, पण आईचं सांगणं अगदी आपल्याकडचंच. वर्तमानपत्रात फोटो आला, दूध धंद्यातल्या एका अधिकाऱ्याने तो पाहिला आणि दर वर्षी जिंकणाऱ्याला दूध मिळावं म्हणून खटपट केली. मध्ये काही वर्षं खंड पडला, १९५६ पासून प्रथा पुन्हा लागली. आता शर्यतीआधी ३३ जणांना विचारतात, सायीचं, दोन टक्केवालं की बिनसायीचं? दूध उत्पादक शेतकरी बाटल्या थंड पेटीत घालून स्वतः घेऊन येतो.

१९९३ मध्ये इमर्सन फिटिपाल्डी जिंकला आणि त्याने दूध बाजूला सारून आधी संत्र्याचा रस प्यायला. ब्राझीलमध्ये त्याच्या संत्र्याच्या बागा होत्या. जाहिरातीच्या दृष्टीने बघा: जगभरचे कॅमेरे, जिंकलेला माणूस, हातात स्वतःचाच माल. कागदावर यापेक्षा चांगली योजना मी तरी केली नसती. आणि लोकांनी त्याला माफ केलं नाही. पुढची शर्यत मिलवॉकीला, म्हणजे दुधाच्याच राज्यात होती; तिथे त्याची हुर्यो उडवली. नंतर त्याने दुधाचा घोट घेतलाही होता, पण ते कुणाच्या लक्षात नाही.

आमच्या मालकांनी एकदा बैठकीत विचारलं, "जिंकणाऱ्याच्या हातात दुधाबरोबर आपले दाणे का देता येणार नाहीत? पैसे किती लागतील ते सांग." मी म्हटलं, पंढरपुरात विठ्ठलाच्या नैवेद्याच्या ताटात आपलं पॅकेट ठेवायचं म्हणालात तरी मी हेच उत्तर देईन. मग पंढरपूर कुठे, विठ्ठल कोण, हे समजावण्यात बैठक संपली. तेवढ्यावर विषय मिटला हे बरंच झालं.

आम्ही केलं ते वेगळं. शर्यतीच्या आठवड्यात इथल्या किराणा दुकानांत दुधाच्या फ्रिजशेजारी दाण्यांचं छोटं फडताळ लावलं. बोर्ड नाही, घोषणा नाही. दूध घ्यायला आलेल्याच्या हाताला दाणे लागले पाहिजेत, बस.

७. माणसं कुठे बसून खातात ते जाऊन बघा

या ट्रॅकवर घरून खाणंपिणं नेता येतं. काचेच्या बाटल्या सोडून कूलर भरून न्या, कुणी अडवत नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली, कारण मी आतल्या स्टॉलच्या विक्रीचे आकडे बघत बसले होते. खरी खरेदी गुरुवार-शुक्रवारी गावातल्या दुकानांत होऊन गेलेली असते.

मग एका वर्षी मी रविवारी आत गेलेच नाही. ट्रॅकला लागून स्पीडवे नावाचं छोटं स्वतंत्र गाव आहे. तिथले लोक त्या दिवशी घरासमोरच्या हिरवळीवर गाड्या लावायला जागा भाड्याने देतात. व्हरांड्यांना काळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या झालरी. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या अंगणात मी खुर्ची टाकून बसले. पहाटे सहाला फाटकं उघडल्याचा बार झाला आणि गाड्यांची रांग लागली. एका टेम्पोच्या मागच्या फळीवर एका कुटुंबाने कूलर उघडला. त्यात, बर्फाच्या पाण्यात, आमचं पॅकेट होतं. कागद भिजून लिबलिबीत झालेला, शाई उतरून कॅनवर पिवळे डाग पडलेले, कोपऱ्यातून आत पाणी शिरलेलं. पोराने मूठभर दाणे काढले, चावले आणि गवतात थुंकले. कंपनीचं नाव छापलेला शर्ट अंगात होता, मी त्यावर जाकीट ओढून घेतलं.

पुढच्या मेला आम्ही झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला. बर्फ वितळला की तो तरंगतो, हात घातला की पहिला तोच लागतो. तेरा वर्षांतला माझा सगळ्यात चांगला निर्णय हा, आणि त्यात जाहिरात अशी काहीच नाही.

त्याच अंगणात दुसरी गोष्ट कळली. तिकिटं सगळी खपली नाहीत तर शर्यत इंडियानापोलिसमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नसत, संध्याकाळी दाखवत. ही बंदी कित्येक दशकं चालली. २०१६ मध्ये शंभराव्या शर्यतीला सगळी तिकिटं गेली तेव्हा ती त्या वर्षापुरती उठली. म्हणून इथल्या माणसाच्या कानात शर्यत म्हणजे रेडिओ. आजोबांनी व्हरांड्याच्या कठड्यावर रेडिओ ठेवला होता आणि आवाज इतका मोठा की शेजारच्या तीन घरांनी आपापले बंद केले होते. मालकांना टीव्हीची हौस होती. मी निम्मे पैसे रेडिओकडे वळवले.

८. आभाळाला विचारून बोला

ओल्या ट्रॅकवर इथे शर्यत होत नाही. २०२४ मध्ये पावसाने चार तास उशीर केला. आमचा "निघाल्या गाड्या!" हा संदेश मात्र आधीच वेळ लावून ठेवलेला, तो दुपारी पाऊण वाजता ठरल्याप्रमाणे गेला. तेव्हा तीन लाख माणसं स्टँडखाली अंग चोरून उभी होती. खाली उत्तरं आली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. आता तो संदेश बोटाने पाठवायचा, आपोआप नाही, हा नियम आहे.

९. काही शब्द कपाटात ठेवा

दाणा चावल्याचा आवाज आणि गाडी भिंतीला लागल्याचा आवाज यांवर कोटी करणारी एक ओळ आमच्याकडच्या एका हुशार पोराने लिहिली होती. मी हसले आणि मंजूर केली. हा माझा दोष, त्याचा नाही. छापायला जायच्या आदल्या दिवशी मी ते पान मेकॅनिक म्हाताऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि फक्त विचारलं, "डॅन आठवतो?"

२०११ च्या मेमध्ये शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर पुढे असलेला नवखा हिल्डब्रँड भिंतीला लागला. डॅन वेल्डन बाजूने पुढे निघून जिंकला, हिल्डब्रँडची मोडकी गाडी घसरत दुसरी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला वेल्डन अपघातात गेला. तेहतीस वर्षांचा होता. मी ते पान परत मागवलं. तेव्हापासून अपघात, भिंत, मरण, जीव यांवरून कुठलाही विनोद आमच्या जाहिरातीत येत नाही. आणि ट्रॅकवर काही वाईट झालं की आमची सगळी तोंडं त्या दिवसापुरती बंद.

तो म्हातारा आता निवृत्त झाला आहे, पण कार्ब डेला येतो. गेल्या मेमध्ये मी त्याला नवा डबा दिला. त्याने झाकण काढलं, बोटाने दाणे वरखाली करून तळापर्यंत पाहिलं, टरफल कुठे नाही ना याची खात्री केली. मग झाकण लावून डबा काखेत मारला. मी म्हटलं, खा की आता. तो "थांब" म्हणाला. आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो, जॉर्जटाउन रोड ओलांडला, आणि पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून त्याने पहिला दाणा तोंडात टाकला.